पहिल्यांदाच टॅक्टिकल रायफल मॅचला जातोय, काय काळजी घ्यावी?

अजिंक्यतारा७९ (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं ओहायोत आहे. ग्रीन कार्ड आल्यावर गेल्या वर्षी एक एआर-१५ रायफल घेतली. पाच-सहा वेळा रेंजवर गेलो, बाकावर बसून कागदावर गोळ्या मारल्या, एवढाच अनुभव. आता ऑफिसातला एक जण मागे लागलाय. त्याच्या क्लबात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी टॅक्टिकल रायफल मॅच असते. सगळे हौशी लोक, बक्षीस वगैरे काही नाही. "ये एकदा," म्हणतो.

कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू मारली होती. पोटावर पडायचं, उस्ताद मागे उभे, हुकूम आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. इथे रायफल घेऊन पळायचं, आडोशामागून मारायचं, मधेच मॅगझिन बदलायचं, आणि हे सगळं घड्याळ लावून. व्हिडिओत बघितलं तर निम्मे लोक पलटणीत असल्यासारखे कपडे घालून आलेले.

हरण्याचं मला काही नाही. भीती वेगळीच आहे. हातात भरलेली रायफल आणि मागे पंधरा-वीस अनोळखी माणसं. माझ्या हातून चूक झाली आणि कुणाला लागलं तर? बायको म्हणाली, "जायचं तर जा, पण आधी माहीतगार माणसाला विचार." म्हणून इथे विचारतोय. काय न्यायचं, काय शिकून जायचं, आणि अगदी नवख्या माणसाला उभं करतात का?

करवीरकर (पेन्सिल्व्हेनिया)

जरूर जा. मी आठ वर्षं खेळतोय. त्याआधी कोल्हापुरात कॉलेजच्या संघात एअर रायफल होती.

तुम्हाला जी भीती वाटतेय, तिच्यासाठीच या खेळाचे निम्मे नियम केलेत. बहुतेक क्लबांत रेंज 'कोल्ड' असते. म्हणजे तुमची पाळी येऊन रेंज ऑफिसर सांगेपर्यंत कुणाचीही बंदूक भरलेली नसते. रायफल पिशवीतून येते, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) प्लास्टिकचा झेंडा खोचलेला असतो, नळी वर. रायफल हाताळायची असेल तर ठरवून दिलेलं टेबल असतं, आणि त्या टेबलाजवळ काडतुसाला हातसुद्धा लावायचा नाही. भरलेली रायफल एका वेळी एकाच माणसाच्या हातात, आणि रेंज ऑफिसर त्याच्या हाताएवढ्या अंतरावर.

दुसरा नियम १८० अंशांचा. टार्गेटांकडे तोंड करून उभं असताना तुमच्या खांद्यांतून डावी-उजवीकडे एक सरळ रेघ गेलीय असं समजा; अंग वळलं तरी ती रेघ वळत नाही. नळी त्या रेघेच्या मागे आली की मॅच तिथेच संपली, घरी जायचं. कितीही मुरलेला खेळाडू असो, सूट नाही. आता हे लक्ष देऊन वाचा: उजव्या हाताने मारणाऱ्याची रायफल छातीपुढे धरली की नळी आपोआप थोडी डावीकडे जाते. त्यामुळे उजवीकडे पळताना फारसा धोका नसतो, पण डावीकडे पळताना नळी मागच्या लोकांकडे वळू लागते. डावीकडे जायचं असेल तर कमरेखाली डावीकडे आणि कमरेवर पुढे, असं अंग पिळून चालायचं. पळू नका, चाला. घरी रिकाम्या रायफलीने दिवाणखान्यात दहा-दहा वेळा करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

हुकूम कानात बसवून जा. "मेक रेडी" म्हटल्यावर भरायची. "आर यू रेडी", "स्टँड बाय", मग टायमरची शिटी. शेवटी "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर": मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून धरायचा, चेंबर रिकामं आहे हे त्यांना दाखवायचं. पळताना बोट चापाच्या कड्याबाहेर, दिसेल असं सरळ.

नव्या माणसाला हमखास नडते ती आणखी एक गोष्ट. तुमचा रेड डॉट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच, नळीच्या साधारण अडीच इंच वर बसलेला असतो. रायफल ५० यार्डांवर झिरो केलेली (नेम जुळवलेली) असली की ५० यार्डांवर बरोबर लागते, पण ७ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या दोन इंचांहून जास्त खाली बसते. जवळच्या टार्गेटच्या डोक्यावर नेम धरलात तर ठिपका कपाळाच्या वरच्या कडेला ठेवा. आडोशाचंही तसंच. ठिपका फळीच्या वरून स्वच्छ दिसतो आणि नळीसमोर मात्र फळी असते.

न्यायचं फार काही नाही. चार मॅगझिन आणि १५० राउंड. गोळ्यांच्या टोकाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर बहुतेक क्लब ते काडतूस चालवून घेत नाहीत, पोलादी टार्गेटं खराब होतात. चष्मा हवाच. कानात बोळे घालून वर मफ लावा, छताखालच्या स्टेजला (मॅचमधल्या एकेका फेरीला स्टेज म्हणतात) एकट्या मफने भागत नाही. जॅकेट, पाऊच नसले तरी चालेल, जास्तीचं मॅगझिन मागच्या खिशात ठेवा. शर्ट गळ्यापर्यंत बंद असू द्या. गरम पुंगळी कॉलरमध्ये शिरली की माणूस उड्या मारतो आणि नळी कुठेही फिरते. भाजलं तर भाजू दे, नळी पुढेच.

आणि डबा नेलात तर साबणाने, थंड पाण्याने हात धुतल्याशिवाय उघडू नका. हातावर शिसं असतं. घरी लहान मूल असेल तर आधी कपडे बदला, मगच उचलून घ्या.

मीनल_ह्यूस्टन

यांचं ग्रीन कार्ड आहे म्हणून प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांत बरेच जण व्हिसावर असतील. एच-१बी, एफ-१, एल-१ असा बिगर-स्थलांतरित व्हिसा असेल तर इथल्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राने दोन मिनिटं हातात दिलेली बंदूकही त्यातच धरली जाते. एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, असे काही मोजके अपवाद आहेत, पण ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे एकदा रेंजवर गेले होते. तो तेव्हा एच-१बी वर. तीन तास बाहेरच्या खोलीत बसून काचेतून बघत राहिला. त्याला फार वाईट वाटलं होतं, पण मला आजही त्याचं कौतुक वाटतं. पुढचं ग्रीन कार्ड त्यावर अवलंबून होतं.

दहा_मीटर_पुणे

मी इथे बालेवाडीला एअर रायफल मारते. आमचं सगळं उलटं. ६० शॉट, ७५ मिनिटं, पळापळ नाही. तरी एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. पडून किंवा गुडघ्यावर बसून मारताना नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास सोडा आणि उघडा. ठिपका सरकलेला दिसला तर हातांनी रायफल ओढून आणू नका. पोट आणि पाय सरकवून अख्खं अंग वळवा. ओढून आणलेली रायफल शॉट सुटताना परत जाते. आणि चाप दाबल्यावर लगेच डोकं उचलू नका.

करवीरकर, तुमच्या जिल्ह्याबद्दल काय बोलावं! तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. कांबळवाडीचा मुलगा! त्या दिवशी आमच्या रेंजवर कुणी सरावच केला नाही.

अजिंक्यतारा७९

जाऊन आलो. सगळं लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत.

सकाळी आठला भुरभुर पाऊस. आम्ही १८ जण. आधी वीस मिनिटं सुरक्षेचे नियम सांगितले, मग विचारलं, "पहिल्यांदा कोण आलंय?" मी आणि एक नर्सबाई, दोघांनीच हात वर केले. आम्हाला पहिल्या स्टेजला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं, म्हणजे बघून घेता येईल. कपड्यांची मी उगाच धास्ती घेतली होती, निम्मे लोक साध्या जीन्समध्ये होते. आमच्या तुकडीत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते. माझं मॅगझिन डाव्या खिशात उलटं होतं, ते त्यांनी न बोलता बोटाने दाखवलं.

दुसऱ्या स्टेजला डावीकडे जायचं होतं. तुम्ही लिहिलेलं पाठ होतं, दहा दिवस घरी केलं होतं. तरी शिटी वाजल्यावर चार पावलं गेलो आणि मागून "मझल!" (नळी सांभाळ!) अशी हाक आली. जागेवर थांबलो, नळी पुढे केली, मग चालत गेलो. रेघ ओलांडली नव्हती, पण जवळ गेली होती. नंतर रेंज ऑफिसरने शांतपणे सांगितलं, "थांबलास, तेच बरोबर केलंस." माझे हात पुढची दहा मिनिटं थरथरत होते. त्या वेळात मी टार्गेटवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावत फिरलो, तेवढाच जीव थाऱ्यावर आला.

तिसऱ्यात अडीच इंचांनी गाठलं. ७ यार्डांवर पांढरं 'मारू नका' टार्गेट आणि त्याच्या वरून मागच्याचं फक्त डोकं दिसत होतं. ठिपका डोक्याच्या मधोमध ठेवला. दोन्ही गोळ्या पांढऱ्यात. या क्लबात प्रत्येकी दहा सेकंद दंड. वाचलेलं होतं, पटलंही होतं, पण त्या क्षणी डोळ्याला ठिपका दिसला आणि बोट दाबलं गेलं. आता विसरणार नाही.

शेवटची स्टेज १०० यार्डांवर चार पोलादी पट्ट्या, ओल्या खडीवर पोटावर पडून. पडलो, आणि काय सांगू, वीस वर्षांपूर्वीचं साताऱ्याचं मैदान आठवलं. डोळे मिटले, श्वास सोडला, ठिपका उजवीकडे गेलेला होता. टाचा उजवीकडे घेतल्या. पहिली गोळी, आणि क्षणभराने लांबून टण्ण असा आवाज. चार पट्ट्या, पाच गोळ्या. आजोबांनी मागून टाळी वाजवली.

१८ मध्ये १६ वा आलो. घरी येऊन आंघोळ केली, मगच मुलीला घेतलं. बायकोला ती "मझल" ची हाकही सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी बघायला येते."

करवीरकर, एक विचारायचं राहिलं. गुडघ्यावर बसून मारताना माझा डावा कोपर सारखा घसरतो. कुठे टेकवायचा?

करवीरकर

कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड घसरणारच. थोडं पुढे झुका आणि कोपराच्या वरचा, दंडाचा मागचा मऊ भाग गुडघ्यावर चपटा टेकवा. आणि उजव्या टाचेवर नीट बसा, अधांतरी राहू नका. दहा मिनिटं रोज, रिकाम्या रायफलीने.