जयविलासमधली चांदीची आगगाडी मुलांना कशी समजावून सांगावी?

लष्करकर (प्रश्न)
8 ते 11 वयाच्या 12 मुलांना पुढच्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या जयविलास महालाचं संग्रहालय दाखवायला न्यायचं आहे. सगळ्यांना ओढ आहे ती जेवणघरातल्या, टेबलावरून बाटल्या फिरवणाऱ्या चांदीच्या छोट्या आगगाडीची. पण ती लांबूनच बघायची, हात लावायचा नाही. ‘बाटली उचलली की गाडी थांबते’ एवढं सांगून काही डोक्यात शिरत नाही. आधी घरी काही करून दाखवता येईल का? जोडीला चावीची जुनी खेळणीही मांडायची आहेत, त्यात काय जपावं?

तारजोड
येईल, आणि जाण्याच्या आदल्या दिवशीच करा. महालात समजावत बसलात तर मुलं झुंबरांकडेच बघत राहतील.

तत्त्व साधं आहे. बाटली जागेवर असली की विजेचं मंडल पूर्ण, उचलली की तुटलं. तुम्ही हेच बटण बनवा. जाड पुठ्ठ्याचे 8 सेंमीचे दोन चौकोन घ्या, दोन्हींवर पोळ्या गुंडाळायचा फॉइल ताणून चिकटवा. फॉइलच्या बाजू समोरासमोर ठेवून चार कोपऱ्यांत मऊ स्पंजचे 1 सेंमीचे तुकडे लावा, जाडी 8 मिमी. खालच्या फॉइलच्या मधोमध फॉइलचीच घडी करून 4 मिमी उंच टेकडी चिकटवा, पण तिच्याखाली डिंक पसरू देऊ नका, वीज अडते. दोन्ही फॉइलना तार स्टेपलरनं पक्की करा, नुसत्या चिकटपट्टीखाली ती सैल होते. मग 1.5 व्होल्टचे दोन सेल आणि खेळण्यातली 3 व्होल्टची मोटर एका ओळीत जोडा.

अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवली की मोटर फिरते, उचलली की थांबते. बाटली ठेवूनही फिरली नाही तर स्पंज कडक आहे, तुकडे लहान करा. उचलल्यावरही फिरत राहिली तर टेकडी जास्त उंच झाली किंवा रात्रभर वजन राहून स्पंज चपटा झाला. रिकामी बाटलीही ठेवून दाखवा, मोटर हलणार नाही. वजनाचं काम तिथंच कळतं.

ठकी
गाडीच्या डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर आहे, ओळीनं वाचलं की ‘सिंदिया’ (SCINDIA), म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्याचं नाव. सात अक्षरं शोधायला सांगा, म्हणजे मुलं एकेक डबा नीट बघतील.

अंगणात खडूनं 61 सेंमी अंतरावर दोन समांतर रेघाही ओढा. ग्वाल्हेर संस्थानाच्या छोट्या रेल्वेचे रूळ एवढ्याच अंतराचे, 610 मिमी. ग्वाल्हेर ते श्योपूर ही जवळपास 200 किमीची वाट 2020 पर्यंत चालू होती. दोन रेघांमध्ये उभं राहिल्यावर, एवढ्याशा रुळांवर माणसं भरलेली गाडी धावायची याचं नवल मुलांना आपोआप वाटेल.

चावीवाला
चावीच्या खेळण्यांबद्दल. पत्र्याचं जुनं खेळणं असेल तर आधी चावी अर्धाच वेढा फिरवून बघा. खरखर आली किंवा चावी अडली तर जोर करू नका. स्प्रिंगचा आतला आकडा बहुतेक वेळा गंजलेला असतो आणि तोच तुटतो. पूर्ण चावी देऊन ठेवून देणं तर नकोच, ताणलेली स्प्रिंग हळूहळू मरते.

उघडायचंच असेल तर स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, नाहीतर ती उसळून बोट कापते. पत्र्याचे दुमडलेले कान सरळ करताना घाई नको, दोन-तीनदा वाकवले की मोडतात. तेल शिलाई मशीनचं, दाताळ चाकांच्या आसांवर सुईच्या टोकानं एकेक थेंब. खोबरेल कधीही नको. ग्वाल्हेरच्या थंडीत ते गोठतं, आणि पुढं धूळ धरून चाकंच जाम करतं.

आत एक छोटा पंखा किंवा मागेपुढे हलणारा लंगर दिसेल. तो काढला तर खेळणं दोन सेकंदांत सुसाट संपतं. मुलांना मुद्दाम दाखवावी ती हीच जागा.

लष्करकर
आभारी आहे. बुधनीची लाखेची लाकडी खेळणीही आहेत. उन्हातून गाडीतून नेली तर चालतील?

ठकी
बंद गाडीत ठेवू नका. लाख उष्णतेनं मऊ होते, खेळणी एकमेकांना चिकटतात आणि रंग ओरखडून निघतो. प्रत्येक खेळणं जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात वेगळं गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. पुसायचं तर कोरड्या फडक्यानं.