सतराव्या वर्षीच अर्ज भरता येतो
"एफवायच्या पोरांना मतदानाचं काही पडलेलं नसतं, डोळ्यांपुढे फक्त एमपीएससी" हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत अर्धंच पटलं. मी एफवायबीएला आहे, आणि हो, तहसीलदार व्हायचं खूळ माझ्याही डोक्यात आहे. पण २०२२ पासून सतराव्या वर्षीच नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो, अठरा पूर्ण आहेत का हे बघायच्या पात्रतेच्या तारखाही वर्षातून चार आहेत, हे इथे कुणी लिहिलंच नाही. मला सप्टेंबरात अठरा पूर्ण झाली, १ ऑक्टोबरची तारीख धरून मतदार यादीत नाव लागलं.

मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेले. निम्मे लोक रजिस्टरवर सही ठोकून, चहा पिऊन पसार! एसटी थांब्याच्या छपराचं विचारलं, तर ग्रामसेवक म्हणाले, "कुणाची गं तू?" छप्पर अजून नाहीच; विषय तेवढा इतिवृत्तात आलाय.