मनपा शाळेतली पोरं खाजगीत काहून चालली?

मानेवाडाकर:
पुस्तकं फुकट, आठवीपर्यंत पोषण आहार, शिक्षक डीएड झालेले. तरी मनपाचे वर्ग रिकामे अन् गल्लीतल्या कॉन्व्हेंटपुढे रांग. "इंग्रजीचं वेड" सोडून काही कारण आहे का? अन् तिसरीतल्या मुलाला आता हलवायचं तर काय पाहावं?

खडूफळा:
खरं गळतीचं ठिकाण पहिलीच्याही आधी आहे. कॉन्व्हेंट तिसऱ्या वर्षी नर्सरीत घेते, मनपाची पहिली सहाव्या वर्षी. मधली तीन वर्षं पोरगं तिथं बसलं की तिथंच राहते. मनपाने काही शाळांत केजी सुरू केली, पण बहुतेक ठिकाणी नाहीच.

दुसरं कारण संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3. पट 45 असेल तर पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. एका खोलीत दुसरीचा पाढा अन् तिसरीचा उतारा सोबतच. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आलं की एकच शिक्षक उरतो. पालक हे खिडकीतून पाहतात, नाव काढतात, पट आणखी घसरतो, पुढच्या संचमान्यतेत पदही जाते. शिक्षकाला दोष देऊन काय फायदा, राजेहो?

हिशेबी_पालक:
खाजगी म्हणजे एकच प्रकार नव्हे. अनुदानित शाळेत पगार शासन देते, फी नाममात्र. तिथं सेमी असेल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत अन् बाकी मराठीत, तर तिसरीतल्या मुलाला तेच झेपते. सरळ इंग्रजी माध्यमात टाकलं तर परिसर अभ्यासच अडतो. मुलाला उत्तर येते, वाक्य येत नाही. मग ट्यूशन.

विनाअनुदानितमध्ये नुसती फी विचारू नका. टर्म फी, पुस्तकसंच, गणवेश, व्हॅन अन् व्हॅनवाला मे महिन्याचे पैसे घेतो का, हे सगळं विचारा. आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांवर भिस्त नको. तो प्रवेश नर्सरी किंवा पहिली अशा सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो.

खडूफळा:
दाखल्याबद्दल राहिलंच. आरटीईच्या कलम 5 प्रमाणे मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायची असते. ती उशिरा मिळाली म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पण सही करण्याआधी दाखलखारीज रजिस्टरची नोंद डोळ्यांनी पाहा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात-पोटजात. पुढे जात प्रमाणपत्राला हीच नोंद लागते, अन् शाळा सोडल्यावर दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत हेलपाटे. आधारवर नाव वेगळं असेल तर ते आधी जुळवा, नाहीतर ऑनलाइन ट्रान्सफर अडकते अन् पोरगं दोन्ही शाळांच्या मधात लटकते. हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी उरका. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस, तोवर ऑफिसात कोणी भेटत नाही.

मानेवाडाकर:
म्हणजे आधी अनुदानित सेमीच पाहतो.

हिशेबी_पालक:
पाहाच. फक्त तिथं तिसरीच्या एका तुकडीत किती मुलं बसतात, हे वर्गात जाऊन मोजा.