घरचा ब्रेड: हाताने मळू की मशीन घेऊ? इंदूरकरांचा सल्ला हवा

सुदामानगरी
नमस्कार मंडळी. महिन्याभरात चार वेळा घरी ब्रेड केला. पहिला विटेसारखा झाला. दुसरा छान फुगला, पण ओव्हनमध्ये मधोमध बसला आणि आंबट वास मारत होता. तिसरा वरून काळा, आत चिकट. चौथा सासूबाईंनी दारातल्या गाईला घातला, तिनेही आधी हुंगून घेतला.

कृती अशी: अर्धा किलो पीठ, ३०० मिली कोमट पाणी, दोन चमचे यीस्ट, दोन तास झाकून ठेवायचं. मळते मीच, पण उजवं मनगट वर्षभर दुखतंय, दहा मिनिटांत हात भरून येतो. यजमान म्हणतात ब्रेड मशीन घेऊन टाक. किंमत बघून पोटात गोळा आला. इंदुरात कुणी वापरतंय का? की हातानेच कधीतरी जमेल? मुलांना रोज टोस्ट हवा असतो.

रामबागकर
मशीनचं नंतर बघू. पीठ कुठलं? आणि यीस्ट कधीचं?

सुदामानगरी
गहू सासरच्या शेतावरचा, मालवी. बाफल्यांसाठी (आपले उकडून भाजलेले कणकेचे गोळे) रवाळ दळून आणलेलं उरलं होतं, तेच. दुसऱ्या वेळेपासून त्यात निम्मा मैदा घातला. यीस्टची डबी गेल्या दिवाळीची, मसाल्यांच्या ट्रॉलीत असते.

शेव_हवीच
बाफल्याच्या पिठाचा ब्रेड! भिया, मग तो वरणात बुडवून वर तुपाची धार सोडायची होती. गाईला काय घातला?

रामबागकर
वाटलंच मला. ताई, तुमच्या मळण्यात चूक असेलच असं नाही. त्यामुळे मशीन आणलं तरी तीच वीट निघेल, फक्त चौकोनी.

मालवी म्हणजे कठिया गहू. प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ताठ, ताणलं की तुटतं. यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवायला फुग्यासारखा ताणला जाणारा पडदा लागतो. बाफले, रवा, शेवया यांना कठिया उत्तम, ब्रेडला नाही. शेतावर वाण कुठलं पेरलंय ते विचारा. पोषण (एचआय ८६६३) असेल तर कठिया, पूर्णा (एचआय १५४४) असेल तर पोळीचा गहू. दोन्ही आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातली वाणं, पण ब्रेडच्या बाबतीत सख्खी भावंडं म्हणता येणार नाहीत. लोकवन किंवा शरबती बारीक दळून, चाळून घ्या. सुरुवातीला तीन भाग मैदा आणि एक भाग कणीक. पुढे कणीक वाढवत न्या, पण निम्म्याच्या वर गेलात की ब्रेड थोडा ठेंगणा होणार हे धरून चाला. कोंड्याचे कण तो पडदा आतून कापत असतात.

आता पाणी. तुमच्या कृतीत 'कोमट' लिहिलंय, कारण ती कुठल्यातरी थंड गावातल्या स्वयंपाकघरात लिहिलेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मळून झालेला गोळा २५-२६ अंशांवर असायला हवा. हिशेब सोपा आहे. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून पिठाचं तापमान वजा करायचं, मग खोलीचं, उरेल ते पाण्याचं तापमान. दुपारी दोन्ही ३६ धरले तर उरले ६. म्हणजे बर्फ घातलेलं पाणी! जानेवारीत सकाळी पीठ आणि खोली १८-१८ असेल तर उरतात ४२, तेव्हा तुमचं कोमट पाणी शोभेल. दूध-दह्याचा साधा थर्मामीटर पुरतो, मी सहा वर्षं तोच वापरतोय.

यीस्ट मेलेलं नाही, मेलेल्या यीस्टने ब्रेड फुगून आंबला नसता. दुसरा ब्रेड उन्हाळ्याने घालवला: गोळा ३५ अंशांच्या आसपास, त्यात दोन चमचे यीस्ट, वर दोन तास. तासाभरातच फुगून, दमून गेला असणार, ओव्हनमध्ये चढायला जोरच उरला नाही. अर्ध्या किलोला इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम पुरे, मेमध्ये मी ३ ग्रॅमच घालतो. मीठ मात्र १० ग्रॅम, त्यात कंजुषी नको. मीठ यीस्टला लगाम घालतं. डबी आजच फ्रीझरमध्ये टाका.

आणि घड्याळ बघणं सोडा. मळून झालं की लिंबाएवढा गोळा काढून सरळ कडांच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, उंचीवर रबरबँड लावा. ग्लास मोठ्या भांड्याशेजारीच ठेवायचा. ग्लासात दुप्पट झालं की मोठ्या भांड्यातही झालं. साच्यात घातल्यावर दुसऱ्यांदा फुगताना पीठ लावलेलं बोट अर्धं पेर खुपसा. खड्डा लगेच भरून आला तर थांबा. हळूहळू अर्धाच भरला तर ओव्हनमध्ये जाऊ द्या. भरलाच नाही तर उशीर झाला. मग साच्यातून काढून, पुन्हा वळून, परत फुगवा. फेकू नका.

तिसऱ्याचं कारण ओव्हन. ट्रे खालच्या खाचेत, २०० अंश, ३५ ते ४० मिनिटं. वीस मिनिटांनी वरून फॉइल टाका. आत ९४ अंश भरले की झाला. थर्मामीटर तेवढा जात नसेल तर उलटा करून बुडाला टिचकी मारा, पोकळ वाजला पाहिजे. आणि गरम असताना कापू नका! आतला 'चिकट' निम्मा त्यामुळेच असतो.

महूवाली
माझं मत मशीनच्या विरुद्ध. घेतलं, आठ महिने वापरलं, भाचीला देऊन टाकलं. तीन तासांचा प्रोग्रॅम आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. दहा मिनिटांपर्यंत लाईट गेली तर ते लक्षात ठेवतं, त्याहून जास्त गेली की सगळं विसरून पहिल्यापासून मळायला बसतं. एकदा तर फुगून तयार असलेला गोळा त्याने पुन्हा बडवला. शिवाय बुडाला पात्याचं भोक. मुलगा ते भोक असलेला तुकडा खातच नसे.

एलआयजीवाला
मी मशीनच्या बाजूने, पण अर्धाच. २०१६ साली दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेचा ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावरचा अहवाल आला, तेव्हा घाबरून घरी करायला लागलो. त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ब्रोमेट बंद केलं. ब्रोमेट गेलं, घरचा नाद राहिला.

मशीनला मळायला लावा, भाजायला नको. 'डो' म्हणून वेगळा प्रोग्रॅम असतो, साधारण दीड तासाचा. मळून होताच गोळा काढून घ्या, फुगवायला त्यात ठेवू नका, ते आत गरम ठेवतं आणि आपल्याकडे गरमीची कमतरता नाही. मग साध्या साच्यात, साध्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये). भोकही नाही, लाईट गेली तरी फारसं बिघडत नाही. ताईंच्या मनगटाला एवढंच हवंय ना?

भांड्याच्या आत उभे कंगोरे आहेत का ते बघून घ्या. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ साली घरगुती यंत्र बाजारात आणलं. त्याआधी त्यांची माणसं ओसाकातल्या एका हॉटेलातल्या पाववाल्याच्या हाताखाली राहून मळणं शिकली होती. तो पीठ ताणता ताणता पिळतो हे त्यांना तिथे दिसलं, आणि मग भांड्याच्या आत कंगोरे आले. पातं हा एक हात, कंगोरा दुसरा. गुळगुळीत भांड्यात गोळा नुसता गरगर फिरतो.

दुरुस्तीचं विचाराल तर माझ्याचा पट्टा तुटला तेव्हा मिक्सर दुरुस्त करणाऱ्यानेच बसवून दिला. पट्टा मात्र ऑनलाइन मागवावा लागला.

पोळपाट_लाटणं
सुदामानगरी, मनगटाचं दुखणं मलाही आहे, म्हणून सांगते. मशीनही नको आणि मळायलाही नको. पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट चमच्याने कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेव. पिठात पाणी मुरलं की ग्लुटेन आपोआप धरायला लागतं. मग ओल्या हाताने भांड्यातच एक कड उचलायची, ताणायची, मधोमध दुमडायची. भांडं फिरवत चार बाजूंनी चारदा. अर्ध्या तासाने परत. असं तीन-चार वेळा केलं की झालं. पहिल्या वेळी ते लगदा असतं, तिसऱ्या वेळी बोटांवरून रेशमी पदरासारखं लोंबतं. बघूनच कळतं. पाणी थोडं जास्त लागतं, अर्धा किलो मैद्याला ३५० मिली घालते मी. मग रात्री नऊला फ्रीजमध्ये, सकाळी सातला बाहेर. चव तर आदल्या रात्रीच्या पिठाचीच येते, तासाभरात फुगवलेल्याची नाही.

जुनी_इंदूरकर
आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा-तूप-साखर डब्यात घालून भट्टीवर न्यायचो, नानकटाई भाजून आणायला. डब्यावर खडूने नाव. ओव्हन हा घरात असतो हेच माहीत नव्हतं. बाकी चालू द्या.

सुदामानगरी
सगळ्यांचे आभार. रामबागकर काका, शेतावर विचारलं, पोषणच निघालं.

काल पोळपाट_लाटणं ताईंच्या पद्धतीने केला. तीन भाग मैदा, एक भाग लोकवन, बर्फाचं पाणी, पाव चमचा यीस्ट. दुसऱ्या वेळी अजून लगदाच होता, वाटलं हाही गाईला. तिसऱ्या वेळी उचलला तर खरंच पदरासारखा लोंबला, यजमानांना हाक मारून दाखवलं. रात्रभर फ्रीजमध्ये होता, सकाळी साच्यात घालून दीड तास ठेवला, बोट खुपसलं, अर्धं भरलं. एका बाजूला थोडा फाटला आहे, पण बसला नाही! सासूबाईंनी लोणी लावून वर जिरावण (आपला पोह्यांवरचा मसाला) भुरभुरवून दोन तुकडे खाल्ले. गाय आली होती, रिकामी गेली. मशीन तूर्त रद्द.

आता उरलेला फ्रीजमध्ये ठेवू का? आणि फाटला का?

रामबागकर
वा! फाटला कारण दहा-पंधरा मिनिटं आधी घातलात, किंवा वर चीर दिली नाहीत. ब्लेडने लांबीला एक चीर द्या, जिथे आपण सांगू तिथे फाटतो. फ्रीजमध्ये मुळीच नको, तिथल्या थंडीत ब्रेड बाहेरपेक्षा लवकर कडक होतो. दोन दिवसांचा बाहेर डब्यात, बाकीचा कापून फ्रीझरमध्ये. तुकडा थेट तव्यावर टाकायचा. जुलैत तर एक दिवसही बाहेर नको, दमटपणाने बुरशी धरते.

एलआयजीवाला
शनिवारी सियागंजच्या बाजारात जातोय. इन्स्टंट यीस्टचं अर्धा किलोचं पाकीट घेणार आहे, एकट्याला दोन वर्षं पुरेल. वाटून घ्यायचं का?

सुदामानगरी
मला शंभर ग्रॅम. डबी घेऊन येते.

महूवाली
मलाही शंभर. भाचीकडून मशीन परत मागू का असा विचार चाललाय, फक्त मळायला.

शेव_हवीच
मला यीस्ट नको. जिरावणवाला तुकडा ठेवा.