मदत हवी आहे – आईच्या ओव्हरीच्या कॅन्सरसाठी ओलापॅरिब गोळ्या

नमस्कार मंडळी, मी तासगावचा. आईला (वय ५८) मागच्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. आधी चार महिने पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय म्हणत होती आणि आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसलो, ते आठवलं की अजून जीव तुटतो. मिरजेत ऑपरेशन झालं, सहा किमो झाल्या, सीए १२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची तपासणी) आता नॉर्मलला आलंय. परवा डोक्यावर बारीक केस आलेत ते माझा हात धरून दाखवत होती.

आता रिपोर्टमध्ये बीआरसीए १ म्युटेशन आलंय, म्हणजे जीनमधला बिघाड, जो घरात पुढं उतरू शकतो. डॉक्टर म्हणाले ओलापॅरिब दोन वर्षं चालू ठेवायची, या गोळीने कॅन्सरच्या पेशींना तुटलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही. मी वाचलं तर २०१८ च्या याच गोळीच्या सोलो-१ ट्रायलमध्ये अशा पेशंटना आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्के कमी झाला होता, त्यामुळं खूप आशा वाटतीय. पण खर्च बघून पोटात गोळा आला, बागेचे पैसे अजून यायचेत.

सांगली साताऱ्यात कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का? महिन्याला किती खर्च येतो, महात्मा फुले योजनेतून किंवा कंपनीच्या स्कीममधून काही मिळालं का? हिमोग्लोबिन उतरतं म्हणतात, मग रक्त चढवावं लागलं का? आणि माझ्या बहिणीची या म्युटेशनची टेस्ट पण करायला सांगितलीय, ती घाबरून नाहीच म्हणतीय, तिला कसं समजवू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा, सोमवारी ओपीडी आहे.