मदत हवी आहे: परवडणाऱ्या घरांवर विक्रीबंधन किती वर्षांचं मागावं?

शहराच्या नव्या बांधकाम नियमावलीच्या मसुद्यावर हरकती-सूचना द्यायच्या आहेत आणि एका कलमावरून आमच्या गटात दोन तट पडलेत. कलम असं: 50 किंवा जास्त घरांच्या प्रकल्पात 15 टक्के घरं परवडणाऱ्या दरात द्यायची, बदल्यात बिल्डरला 20 टक्के जादा एफएसआय (भूखंडाच्या आकाराच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल ती मर्यादा).

बिल्डर बुडेल ही ओरड मला फारशी पटत नाही. 100 घरांच्या भूखंडावर 120 बसली, त्यातली 18 स्वस्तात गेली, तरी बाजारभावाने विकायला 102 उरतात. जमीन तेवढीच, म्हणजे स्वस्त घरांतून बांधकामखर्च सुटला तरी गणित बसतं. (अर्थात जादा मजल्यांना गिऱ्हाईक असेल तर. लिफ्ट, पार्किंग आणि अग्निशमनाच्या अटींनी वर चढणंच महाग होत असेल, तर तो एफएसआय कागदावरच राहणार.)

घोडं अडलंय मुदतीवर. मसुद्यानुसार 10 वर्षांनी ही घरं खुल्या बाजारात विकता येतील. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने 1974 मध्ये असाच कायदा केला, तेव्हा दरावरचं बंधन जेमतेम 5 वर्षांचं होतं. हजारो घरं झाली, पण मुदत सरली तशी योजनेतून निसटत गेली. शेवटी 2005 मध्ये विक्रीच्या घरांसाठी 30 आणि भाड्याच्या घरांसाठी 99 वर्षांचं बंधन आलं. म्हणून मी 30 वर अडून बसलोय.

यावर गटातल्या एका ताईंनी विचारलं, "त्याच जिन्यावरचा शेजारी घर दुप्पट भावाने विकून मोकळा होणार आणि स्वस्त घरवाल्याने 30 वर्षं हप्ते भरून तिथेच अडकायचं?" मला धड उत्तर देता आलं नाही.

मधला मार्ग म्हणून फेरविक्रीचं सूत्र सुचवावं म्हणतोय. किंमत महागाई निर्देशांकाला बांधावी, की बाजारभावातल्या वाढीचा ठरावीक हिस्सा मालकाला द्यावा? दुसऱ्यात आजच्या कुटुंबाचं भलं होतं, पण पुढच्याला घर महाग पडतं. आणि मुदतीच्या आत घर विकलं, तर नव्या मालकासाठी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी का?

50 च्या अटीचीही धास्ती आहेच. 49 घरांचे प्रकल्प येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेतच ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात 2017 पासून 20 आणि त्याहून जास्त घरांच्या इमारतींना असा नियम लागू झाला, त्याच्या आधी परवानग्यांसाठी झुंबड उडाली होती. प्रकल्पाच्या आकारानुसार टक्का चढता ठेवला तर ही पळवाट बुजेल का? घरांऐवजी पैसे भरून सुटण्याच्या पर्यायाला मात्र आमचा सगळ्यांचा विरोध आहे, त्यावर वाद नको.

नियमावली लिहिण्याचा किंवा अशा मिश्र सोसायटीचा कारभार पाहण्याचा अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा. मेंटेनन्स क्षेत्रफळावर घेता की सरसकट, हेही लिहा. मसुद्यात त्याबद्दल एक ओळही नाही.