प्रॅक्टिकलचे ३० मार्क आणि इंटिग्रेटेड कॉलेजं

प्रयोगवही:
'अकरावी-बारावीला इंटिग्रेटेडच बरं, म्हणजे कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र. प्रॅक्टिकलचे तीसपैकी तीस सगळ्यांनाच मिळतात, मग लॅबमध्ये वेळ कशाला घालवायचा?' ही कालची पोस्ट आणि तिला आलेले होकार वाचून राहवलं नाही. मार्क फुकट वाटले जातात, हा दोष वाटणाऱ्यांचा. जेईई मेनच्या फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्यांचं वेगळं युनिट आहे. केमिस्ट्रीत ऑक्झॅलिक अॅसिड आणि मोहर सॉल्ट (लोहाचा क्षार) यांचं परमँगनेटशी टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजणं, नावानिशी दिलंय. जिच्यासाठी लॅबला कुलूप लावता, तीच परीक्षा लॅबमधलं विचारते.

रँक_हवी:
प्रश्न किती येतात त्यावर? जे येतात ते लीस्ट काउंटच्या (उपकरणाने मोजता येणाऱ्या सर्वात लहान मापाच्या) सूत्राने सुटतात. ७५ प्रश्न, तीन तास, चुकलं की उणे एक. तिथे वेग लागतो. पालक लाखांनी फी भरतात ती ब्युरेट (टायट्रेशनची तोटीवाली काचनळी) धुवायला नाही.

प्रयोगवही:
सूत्र सगळ्यांना पाठ असतं, चुकतं ते चिन्ह. तारेची जाडी मोजायचा स्क्रू गेज बंद केल्यावर वर्तुळाकार पट्टीचं शून्य रेषेच्या वर गेलं असेल तर त्रुटी ऋण, म्हणजे ती रीडिंगमध्ये मिळवायची. रॅचेट (दाब मर्यादित ठेवणारी टोकाची मूठ) न वापरता थेट आवळलं की तार चेपते. एकदा हाताने केलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

भुसावळकर:
कुलपाचं सोडा, जिथे लॅब चालते तिथे तरी काय दिवे लागतात? द्विलक्ष्यी कॉम्प्युटर सायन्स (अकरावी-बारावीचा व्यावसायिक विषय) बघा. २०० पैकी १०० मार्क प्रॅक्टिकलचे, आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट कपाटात. हेक्स कोड भरताना शेवटची एचएलटी, म्हणजे थांबण्याची आज्ञा, राहिली की प्रोग्राम पुढच्या मेमरीत भरकटतो, हे वहीत उतरवून कळत नाही.

निळी_शाई:
केमिस्ट्रीतही तेच. मोहर सॉल्टचा फ्लास्कसुद्धा बर्नरवर ठेवायला लावतात!

रँक_हवी:
परमँगनेट असलं की गरम करायचंच असतं. नोट्समध्ये स्पष्ट आहे.

निळी_शाई:
नोट्स बदला मग. तापवायचं ते ऑक्झॅलिक, ६० ते ७० अंशांना, कारण थंडपणी अभिक्रिया रेंगाळते. तरीही पहिल्या थेंबांचा रंग उशिरा जातो. मँगनीज आयन तयार झाले की तेच उत्प्रेरक होतात आणि वेग वाढतो. मोहर सॉल्टमधलं फेरस मात्र तापवलं की हवेनेच फेरिक व्हायला लागतं आणि रीडिंग कमी येतं. अॅसिड विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलंत तर परमँगनेट क्लोराइडवर खर्च होतं आणि रीडिंग फुगतं. अॅसिड कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो, मग तो फ्लास्क ओतून नव्याने सुरुवात करायची.

भुसावळकर:
आणि ब्युरेट वाचताना द्रावणाच्या पृष्ठभागाची वरची कड बघायची. द्रावण इतकं गडद की खालची दिसतच नाही. अख्ख्या वर्गाच्या जर्नलमध्ये १०.०, १०.०, १०.० दिसलं की समजायचं, ब्युरेट कुणी भरलीच नाही.

रँक_हवी:
बरं, मोहर सॉल्टचं मान्य. पण म्हणून रोज लॅब? तुम्हा लोकांना वेळापत्रक कधी करावं लागलंय का? मुलं सकाळी सातला येतात, संध्याकाळी टेस्ट. कुठे बसवायचं ते सांगा, नुसतं रागावू नका.

प्रयोगवही:
रोज कोण म्हणतंय? आठवड्याला एक दुपार, चौघांच्या नाही, दोघांच्या गटात. चौघांत एक करतो, तिघं आकडे उतरवतात. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती मुलं कॉलेजला दांडी मारून क्लासला बसतात म्हणूनच. बोट टेकवून मूल वर्गात येईल, पण ब्युरेट हातात द्यायचं काम कॉलेजचंच.

निळी_शाई:
पालकांनी फी भरण्याआधी लॅब उघडून दाखवायला सांगावं. ब्युरेटची तोटी फिरते का, परमँगनेट तपकिरी बाटलीत आहे का, त्यावर तयार केल्याची तारीख आहे का, मीटर ब्रिजची (रोध मोजायच्या उपकरणाची) तार जॉकी (तिच्यावर टेकवायचं धातूचं टोक) घासून खरवडलेली नाही ना. लॅब असिस्टंट कोण तेही विचारावं. नावच सांगता आलं नाही, तर तिथे प्रवेश घेऊ नये.

रँक_हवी:
हे विचारीन. इंटिग्रेटेड मात्र सोडणार नाही.